लाल ठिपका नसलेली वाट

माझं लग्न झालं तेव्हा नाशिकरोडच्या आमच्या घरात तीन खोल्या होत्या आणि माणसं अकरा. मी बारावी. म्हणजे संख्येने बारावी. शिक्षणाने मी ट्रेसर होते. सरकारी कचेरीत धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर उतरवायचं काम करायचे. घरात कुठेही उभी राहिले तरी मी कुणाच्या तरी मध्ये यायचे. मी आणि नवरा एकाच वेळी स्वयंपाकघरात गेलो की पाठोपाठ कुणाला तरी तहान लागायची. माणसं वाईट नव्हती, पण होती, आणि सतत होती. लग्नाला चौदा महिने झाले तरी नवरा आणि मी सलग दहा मिनिटं बोललो असू असं मला आठवत नव्हतं.

आणि मला त्याच्याशी बोलायचं होतं. सिडकोत मी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, कचेरीतून परस्पर जाऊन, एकटीने. वरचा मजला, समोर कडुनिंब, मालकीणबाई खाली राहणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सव्वीस जानेवारी होऊ दे. सत्तावीसला हो की नाही ते सांग, नाहीतर मी दुसऱ्यांना देते." वेगळं राहायचं हे शब्द आमच्या घरात लोक आजाराचं नाव घ्यावं तसे आवाज खाली आणून उच्चारत. नवरा हो म्हणेल की नाही, मला अजिबात अंदाज नव्हता. तेवढी आमची ओळखच झाली नव्हती. आणि तो एकदा नाही म्हणाला असता, तर तो नकार सोबत घेऊन मला त्याच तीन खोल्यांत जन्म काढायचा होता. मला त्याची भीती वाटत होती.

नवऱ्याला एक नाद होता. दर हिवाळ्यात कारखान्यातल्या मित्रांबरोबर तीन दिवस डोंगरात पायी भटकायचा. त्या वर्षी चौथा शनिवार, रविवार आणि सव्वीस जानेवारी असे तीन दिवस जोडून आले होते. मी म्हटलं, मी पण येते. वहिनी येणार म्हटल्यावर मित्रांना एकेक करून घरची कामं आठवली. इथपर्यंत सगळं छान जमलं. प्रश्न उरला तो वाटेचा.

नवऱ्याचं म्हणणं, गर्दी टाळायची. त्याच्या दृष्टीने गर्दी म्हणजे मुंबईहून शनिवारी येणारे, दोरखंड आणि गाणी घेऊन इगतपुरीला उतरणारे लोक. माझ्या दृष्टीने गर्दी म्हणजे नातेवाईक. आमच्यात एखाद्याच्या गावावरून गेलं आणि घरी गेलं नाही, तर ते पुढच्या पिढीच्या लग्नातसुद्धा ऐकवलं जातं. चहाला थांबलं की जेवणाचा आग्रह होतो, जेवलं की मुक्काम ठरतो, आणि निघताना त्या घरातलं कुणीतरी 'आम्हालाही जरा मोकळं व्हायचंय' म्हणून चपला घालून तयार असतं.

म्हणून मी कचेरीतून जिल्ह्याचा नकाशा ट्रेस करून आणला आणि रात्रीची भांडी झाल्यावर जमिनीवर पसरून त्यावर लाल शाईने नातेवाईक मांडायला बसले. सासूबाई शेजारी बसून माहिती पुरवत होत्या. त्यांना वाटलं, वाटेत कुठे कुठे जाता येईल त्याची मी यादी करतेय. फार खुशीत सांगत होत्या.

"सिन्नरला आत्याबाई. त्यांच्याकडे दोन दिवस तरी लागतील. तिथून पुढे चार कोसांवर त्यांची नणंद."

सिन्नर लाल झालं. येवल्याला चुलत सासऱ्यांचे व्याही होते, पैठणीच्या मागावर बसणारे. त्यांच्याकडे गेलं की पदर उलगडून दाखवतात आणि ते संपेपर्यंत उठणं म्हणजे कलेचा अपमान. तसंही येवल्याच्या बाजूला चढायला कांद्याच्या चाळींखेरीज फारसं काही नव्हतं. येवला लाल. त्र्यंबकच्या डोंगराला तर ठिपका द्यायचीही गरज नव्हती, तिथे निम्मं नाशिकरोड भेटतं. नवऱ्याची सगळ्यांत आवडती वाट बागलाणातल्या किल्ल्यांची. सरळ सटाण्याहून पुढे. पण तो माझ्या माहेरचा मुलूख. माझा मामा एसटी स्टँडवरच्या पानटपरीवर दिवसातून चारदा येतो. 'भाची उनी' एवढं कुणी म्हटलं की संपलं, कोंबडी कापली गेलीच म्हणून समजा. मी स्वतःच्या हाताने माझं माहेर लाल केलं. नवरा हळहळला, पण कारण विचारलं नाही. त्याला वाटलं, माहेरच्यांसमोर बूट घालून डोंगर चढायची मला लाज वाटते.

दोन रात्रींत नकाशाला गोवर आल्यासारखं झालं. फक्त पश्चिमेचा एक पट्टा कोरा राहिला. सुरगाण्यापासून पेठेपर्यंत डोंगरच डोंगर, भाताची खाचरं, पाडे, आणि एकही लाल ठिपका नाही.

सासूबाईंनी त्या कोऱ्या जागेकडे बघून काळजीने विचारलं, "तिकडे आपलं कोण आहे?"

"कुणीच नाही, आई," मी म्हटलं. हे बोलताना माझा आवाज जरा जास्तच आनंदी आला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

शनिवारी पहिल्या गाडीने निघालो, पुढे जीपमध्ये सतरा माणसांत अठरावी आणि एकोणिसावा होऊन सुरगाण्याच्या अलीकडे एका फाट्यावर उतरलो. जीप गेली, धूळ बसली. आणि इतकं शांत झालं की मला स्वतःच्या बांगड्या ऐकू आल्या. भात कधीच कापून झालं होतं. पाड्यांवरची निम्मी घरं दाराला काठी लावून बंद होती; माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर कामाला गेलेली. म्हणजे आमच्याकडची गर्दी वाढवायला. मी मनात म्हटलं, आता बोलायचं.

तर चढ लागला. ट्रेसरचं काम बसून करायचं असतं. पहिल्या चढालाच माझा श्वास असा लागला की 'अहो' एवढंच यायचं आणि पुढचं वाक्य यायचंच नाही. नवरा थांबून म्हणायचा, "पाणी हवंय?" मी पाणी प्यायचे. असं सहा वेळा झालं. वर पठारावर पोचलो, मी दम घेतला, पदर खोचला, "अहो, मला तुमच्याशी" एवढं म्हटलं, आणि मागून आवाज आला, "कुठं निघालं पाव्हणं?"

एक म्हातारबाबा, खांद्यावर कुऱ्हाड. नवऱ्याने सांगितलं, पेठेला, पायी. बाबांना पायी जाण्यात काही नवल वाटलं नाही, पण आम्ही दोघंच जातोय याचं वाटलं.

"चला, वाटेला लावतो," ते म्हणाले.

वाटेला लावणं म्हणजे काय ते आम्हाला पुढच्या दोन दिवसांत समजलं. पाहुणा आला की त्याला पुढच्या पाड्यापर्यंत सोबत करायची, आणि तिथे कुणाच्या तरी ताब्यात देऊनच परत फिरायचं. मध्येच रानात सोडून दिला तर पाड्याची अब्रू जाते. बाबांनी आम्हाला एका बाईंकडे सोपवलं, बाईंनी त्यांच्या दिराकडे, दिराने जनावरांमागे निघालेल्या दोघांकडे. नवरा प्रत्येकाला म्हणायचा, "नकाशा आहे आमच्याकडे, जाऊ आम्ही." ते समजूतदारपणे मान हलवायचे आणि सोबत चालू लागायचे. दर पाऊण तासाला माणूस बदलायचा आणि पहिल्यापासून चौकशी व्हायची. वाटेला लावता लावता या भल्या माणसांनी माझ्या बेताची पार वाट लावली. माझा इतका संताप झाला की शेवटी मी नकाशा काढून चालू लागले आणि एका ओहोळाशी चुकले. तेव्हा स्वतःला हसू न येऊ देता ज्याने मला परत वाटेवर आणलं, त्याचे मी आभारही मानले नाहीत. अजून वाईट वाटतं.

शनिवारची रात्र एका घरात, घरच्या सगळ्यांच्या मधोमध झोपून काढली. रविवारी संध्याकाळी एका पाड्यावर आलो. तिथे दोन खोल्यांची शाळा होती. नवरा म्हणाला, शाळेत झोपू, निदान इथे कुणी नसेल. शाळेच्या ओट्यावर गुरुजी दाढी करत बसले होते. आम्ही नाशिकरोडचे म्हटल्यावर त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून आडनाव विचारलं. आडनाव ऐकून गाव विचारलं. मग ते उभे राहिले.

"म्हणजे सिन्नरच्या आत्याबाई तुमच्या कोण?"

ते आत्याबाईंच्या जावेचे भाचे निघाले. मूळचे निफाडचे, दीड वर्षापूर्वी बदली होऊन इथे आलेले. माझ्या नकाशात हीच मोठी चूक होती. नातेवाईक काही धरणासारखे एका जागी राहत नाहीत, त्यांच्या बदल्या होतात. इतकी वर्षं सरकारी नोकरी करून हे माझ्या लक्षात येऊ नये, याचा मला रागच आला, आणि तो मी गुरुजींवर काढला. म्हणजे तोंड पाडून बसले. पण ते बिचारे इतके आनंदले होते की त्यांना ते दिसलंच नाही. "चार महिन्यांनी आपलं कुणी भेटलं," असं ते तीनदा म्हणाले. त्यांनी स्वतः नागलीच्या भाकरी थापल्या, त्या गोल नव्हत्या. एका खोलीत मुलांच्या वाटपाचा तांदूळ ठेवलेला, म्हणून दुसऱ्या खोलीत आम्ही तिघं झोपलो, आणि आत्याबाईंच्या सासरचा वंशवृक्ष ऐकता ऐकता मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. लवकर निघायचा आमचा बेत गुरुजींनी हाणून पाडला. नाशिकचे पाहुणे असताना झेंडा त्यांनी कसा फडकवायचा? नवऱ्याने दोरी ओढली, मला भाषण करायला लावलं. चाळीस मुलं, त्यांच्या आया, कुत्री, सगळा पाडा समोर. गर्दी टाळण्यासाठी मी अख्खा जिल्हा तपासला होता आणि आता प्रमुख पाहुणी म्हणून गर्दीसमोर उभी होते. मी काय बोलले ते आठवत नाही. खूप शिका, असं काहीतरी. टाळ्या मात्र मिळाल्या.

पेठेपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला वाटेला लावायला एक आजी आल्या. हातात विळा, डोक्यावर चुंबळ, पायात काही नाही. माझ्या पुढे अशा झपाझप चालत होत्या की मला बोलणंच काय, बघणंही कठीण झालं. आज सोमवार, उद्या सत्तावीस. मालकीणबाई उद्या दुसऱ्यांना चावी देणार होत्या. मला आतून रडायला येत होतं आणि बाहेरून घाम.

आजींनी मागे न बघता चौकशी सुरू केली. "लगीन कवा झालं?"

"सव्वा वर्ष झालं, आजी," नवरा म्हणाला.

"घर कुठं बांधलं?"

"घर आहे ना. आई-वडील, भाऊ-भावजय, सगळे एकत्रच राहतो."

आजी थांबल्या. वळून त्यांनी नवऱ्याकडे जे पाहिलं, त्यात राग नव्हता, नुसती कीव होती. "तुझं घर नाय? माझ्या पोरानं लगीन झालं त्याच वर्साला बांधलं. बापाच्या शेजारीच हाय, पर त्याचं त्याचं हाय." मग माझ्याकडे विळ्याने दाखवून म्हणाल्या, "मंग ही तुझ्याशी बोलती कुठं?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. दोन महिने जुळवून ठेवलेली माझी वाक्यं, आधी हे म्हणायचं मग ते, सगळी त्या चढावर सांडली. मी म्हटलं, "इथे. इथे बोलायला आणलं होतं तुम्हाला, तर इथेही लोक बोलू देत नाहीत." आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. सिडको, दोन खोल्या, कडुनिंब, मालकीणबाई, उद्याचा दिवस, मला वेगळं राहायचंय हे शब्दसुद्धा, नेहमीच्या आवाजात. आजी दगडावर बसल्या, कमरेची तंबाखू काढली आणि मन लावून ऐकत राहिल्या. त्यांना उठून जावंसं वाटलं नाही आणि त्यांनी जावं असं मलाही वाटलं नाही.

नवरा खाली वाकला. त्याने बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

खिंडीत आल्यावर खाली पेठेचा रस्ता दिसायला लागला. आजींनी तो दाखवला, माझ्या दंडावर हात ठेवला आणि चुंबळ सारखी करत परत फिरल्या. पहिल्या चढानंतर आत्ता कुठे आम्ही दोघंच होतो. आता माझ्याजवळ बोलायला काही उरलं नव्हतं. तो पुढे, मी मागे. मैलभर तरी तसेच उतरलो. तो नाहीच म्हणणार, हे माझं जवळजवळ ठरून गेलं. उलट मी माझं मन तयार करायला लागले, की तीन खोल्या आहेत, लोकांना तेवढ्याही नसतात.

डांबरी रस्त्याला लागल्यावर तो न थांबता म्हणाला, "पाणी किती वाजता येतं तिथे?"

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल विचारतोय.

"पहाटे साडेपाचला," मी म्हटलं. "तासभरच. खालून भरून वर न्यावं लागतं."

तो आणखी थोडं चालला. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"तिथे मी भरत जाईन," तो म्हणाला. "घरी रोज तूच भरतेस."

आमच्या घरी पाणी मी भरायचे, सगळे उठायच्या आत, एकटी, बादल्यांचा आवाज होऊ न देता. ते त्याला माहीत होतं. चौदा महिने तो रोज त्या वेळी जागा असायचा आणि अकरा माणसांच्या मधून उठून यायला लाजत होता, हे त्याने मला एसटीची वाट बघताना सांगितलं. एसटी येईपर्यंत मी रडत होते, आणि स्टँडवरचे सगळे लोक आमच्याकडे बघत होते.