बापाच्या सहीचा रकाना

शोभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कचेरीत डबा उघडून बसलो होतो. पलीकडे नंदा होती, ताईच्या केंद्रात शेवटपर्यंत टिकलेली कार्यकर्ती. "दादा, ताई गेल्या," एवढंच म्हणाली. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि डबा पूर्ण संपवला. पोळी आणि भेंडीची भाजी. सहा आठवडे झाले, त्या जेवणाची मला लाज वाटते. पण खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी सुटल्यासारखं वाटलं होतं... आता ती मला काही विचारणार नव्हती.

ती माझी मावसबहीण, सात वर्षांनी मोठी. धरमपेठेतली शाळेची नोकरी सोडून तिनं नंदनवनच्या मागच्या वस्तीत एक खोली घेतली आणि कुटुंब आधार केंद्र काढलं. नाव मोठं, काम साधं. ज्या घरात लेकरांना मार बसतो, किंवा मारापेक्षा वाईट काही घडायची भीती असते, त्या घरी जात राहायचं. आईशी बोलायचं, बापाला दारू सोडवायला न्यायचं, लेकराची शाळा तुटू द्यायची नाही. "मार पडल्यावर सारेच येतात गा. मी पहिले जाते," असं ती म्हणायची. जीभ तिखट होती. एका लग्नाच्या पंगतीत आमच्या काकांना म्हणाली, "काकूले जेवू देता का नाई कधी, का नुसते हुकूमच सोडून राहिले?" काका वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. ते वर्ष तिला बरं गेलं म्हणे.

केंद्राला अनुदान मिळायचं ते आमच्याच कचेरीतून, आणि ती फाईल यायची माझ्या टेबलावर. त्यातून घरभेटी करणाऱ्या तीन बायांचं मानधन निघायचं. सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये साहेबांनी मला बोलावलं. एका बागेत घसरगुंड्या आणि झोपाळे बसवायचे होते, पैसे बालकल्याणाच्या निधीतूनच काढायचे होते. "तेही लेकरांसाठीच आहे ना," साहेब म्हणाले. "ती केंद्राची फाईल जरा फिरवत ठेवा." फिरवत ठेवणं आमच्याकडे कोणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं. नकार द्यायचा नाही. एक त्रुटी काढायची. अर्जदार ती पुरी करेपर्यंत एकतीस मार्च उलटतो, पैसे दुसरीकडे वळतात आणि नकारावर कोणाचीच सही नसते.

मी त्रुटी काढली... लाभार्थी बालकांची यादी, वडिलांच्या सहीसह. असा नियम कुठेही नव्हता. ताई ती यादी देऊच शकणार नाही, म्हणून तर मला ती सुचली. नमुनाही मीच टाईप करून दिला. वर ठळक अक्षरांत 'अत्याचारग्रस्त बालक', खाली बापाच्या सहीचा रकाना.

कागद हातात घेऊन ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली. "मारणाऱ्याचीच सही आणू का गा भास्कर?"

"नियम आहे ताई. मी काय करू?"

तिनं कागद दुमडला. "दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर भांडली असती. तू म्हणतं म्हणजे असन."

मला वाटलं होतं, रागावून गप्प बसेल. पण तीन बायांची घरं त्या मानधनावर होती, आणि माझ्यावर तिचा विश्वास होता. ती कागद घेऊन घरोघर निघाली. त्यातल्या एका घरी नऊ वर्षांची मुलगी होती. तिचं नाव लिहीत नाही. बापाबद्दल तिनं ताईला स्वतः सांगितलं होतं. बापाला वाचता येत नाही असा ताईचा समज. शाळेच्या मदतीचा कागद आहे म्हणून तिनं तो पुढे केला, आणि त्यानं मथळा मोठ्यानं वाचला. दोन दिवसांत त्यांच्या घराला कुलूप लागलं. कुठे गेले, शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

मार्च संपला. घसरगुंड्या बसल्या. तिघींपैकी दोघी धुणीभांड्यांना लागल्या. ताई आणि नंदा त्या कुटुंबाला शोधत राहिल्या, आणि वर्षभरानं ती मुलगी त्यांना सापडली ती दवाखान्यात. बाप तुरुंगात गेला. मुलगी हुडकेश्वरला आजीकडे राहायला गेली.

आमची शेवटची भेट झाली तेव्हा ताईचा कॅन्सर हाडांत उतरला होता. म्हणाली, "इतकी वर्षं लोकांची घरं सांभाळली अन् त्या घरी मीच गेली कागद घेऊन. खोटं बोलून. माह्याच हातानं झालं ते." मी पायाशी बसलो होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी तिची उशी नीट केली आणि म्हटलं, "जास्त बोलू नको वं ताई, आराम कर." नवव्या दिवशी नंदाचा तो फोन आला.

ते वाक्य आता इथे लिहितो. तो नियम नव्हता. मी अजून नोकरीत आहे, हे छापून आल्यावर विचारणा होईल. होऊ दे. साहेबांनी फाईल फिरवायला सांगितली, पण बापाची सही त्यांनी सांगितली नव्हती. ती माझी अक्कल.

हे मी नंदाला सांगितलं. ती म्हणाली, "त्या पोट्टीले अजून वाटते, तिनं तोंड उघडलं म्हणून सारं झालं. तिले सांगा." गेल्या बुधवारी नंदासोबत हुडकेश्वरला गेलो. गल्लीत शिरताना नंदा म्हणाली, "गेल्या गेल्या काही विचारू नका. पाणी मागा. ताई हरेक घरी पाणीच मागे. पाणी लेकरूच आणते. मग हात दिसतात, चाल दिसते, कोणाले भिऊन आणते तेही दिसते." मी इतकी वर्षं समजत होतो, ताईला तहान फार लागते.

आजीनं चटई टाकली. मुलगी दारात उभी होती, आता पंधरा वर्षांची. मी मान खाली घालून म्हटलं, "पाणी देते का बेटा?" ती हलली नाही. मग तिनं मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला.

"जोरानं बोला भाऊ," आजी म्हणाली. "डाव्या कानानं तिले ऐकू येत नाही, तवापासून."

मी मोठ्यानं पाणी मागितलं. तिनं गिलास आणून दिला, मी तो रिकामा केला. जे सांगायला आलो होतो ते हळू सांगून चालणार नव्हतं. "तो कागद ताईचा नव्हता. मी लिहिला होता. तू सांगितलंस त्यात तुझं काही चुकलं नाही." शेजारच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. मी पुन्हा तेच सांगितलं, तेवढ्याच मोठ्यानं.

मुलीनं गिलास घ्यायला हात पुढे केला. मी तिच्या हाताकडे पाहिलं. त्यात भीती दिसली नाही. गिलास घेऊन ती आत गेली... आणि बराच वेळ आतून गिलास ठेवल्याचा आवाज आला नाही.