सटवाजीने सपाट केलेलं वळण

सटवाजी मुकादम होण्याआधी गाडीवान होता. बैल रोगाने गेले म्हणून तो सडकेच्या कामावर आला आणि हिंगोली-सेनगाव रस्त्याच्या टोळीचा मुकादम झाला. पण रस्त्याकडे बघण्याची त्याची नजर मात्र बैलगाडीवाल्याचीच राहिली.

त्या रस्त्यावर एके ठिकाणी टेकडीला वळसा घालणारं वळण होतं. आतल्या बाजूला टेकडी, बाहेरच्या बाजूला खोल नाला. ओव्हरसियर विष्णुपंतांनी दोऱ्या बांधून बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा हातभर उंच करवून घेतली होती. असं काहून, हे सटवाजीने विचारलं नाही आणि पंतांनीही सांगितलं नाही. सटवाजीने मनाशी ठरवून टाकलं की हा उतार पाण्यासाठी आहे. पाणी टेकडीकडच्या चरात उतरावं, नाल्याकडचा भराव वाहून जाऊ नये. मुकादमाला पटण्यासारखंच कारण होतं ते.

मग कापसाचे दिवस आले. हिंगोलीच्या जिनिंगला जाणाऱ्या गाड्या माणसाच्या दीड उंचीच्या भरलेल्या असत. त्या कलत्या वळणावर गाडी हळू चालली की सगळा भार आतल्या चाकावर यायचा आणि चाकाची लोखंडी धाव टेकडीकडे सरकायची. तांड्यावरच्या थावराची गाडी अशीच आत कलंडली. एक बैल जुवाखाली गुदमरून मेला. थावराचा पाय गाडीच्या साटीखाली चेंगरला, तो पुढे कधी सरळ झाला नाही.

त्याची बायको रूपाबाई सटवाजीच्या झोपडीसमोर येऊन बसली. रडली नाही.

"मुकादम, तुमी गाडी हाकलेली हाय. तुमाला बी सांगावं लागंल व्हय? ती वाट माणसाला खाऊन राहिली."

सटवाजीने रात्रभर विचार केला असं नाही. त्याला ते उघडच दिसत होतं. पाऊस सरला होता, मृगापर्यंत पाण्याचा थेंब पडायचा नव्हता. मग उतार हवाय कशाला? त्याने टोळी लावली, आतल्या बाजूला मुरूम टाकून वळण सपाट करून घेतलं, वरून धुमस मारून तो कोरडाच ठोकला. पावसाळ्याआधी उचलून टाकू, असं टोळीला सांगितलं. गाडीवान खूश झाले. सरकारची वाट आता जमिनीवर आली म्हणून एकाने थट्टा केली, दुसऱ्याने गुळाचा खडा हातावर ठेवला.

सेनगावहून येणारी प्रवासी मोटार रोज त्या वळणावरून जायची. ड्रायव्हर महेबूबला तिथे वेग कमी करायची सवयच नव्हती, कारण कधी गरज पडली नव्हती. वळण सपाट झाल्यावर पहिल्यांदा आला तेव्हाही त्याने नेहमीसारखंच चाक फिरवलं. मोटार वळली नाही. जोंधळ्याच्या दाण्यांवरून सरकावी तशी ती मुरमावरून सरळ सरकत गेली आणि कड ओलांडून नाल्यात पडली. संतराम शिंपी आणि भाजीची पाटी घेऊन निघालेली गोजरबाई, मोटारीतले हे दोघे जागीच गेले. पोलिसांनी महेबूबला धरलं. त्याने बेफाम हाकली, असं जो तो म्हणू लागला.

विष्णुपंत दुसऱ्या दिवशी आले. बाहेरच्या कडेपर्यंत सरकलेला मुरूम त्यांनी पायाने चाचपला. हे कोणी केलं, म्हणून विचारलं. सटवाजीने लगेच सांगितलं, मीच. पाणी नव्हतं म्हणून केलं.

पंत मैलाच्या दगडावर टेकले.

"चाक सरळ जायला बघतं, सटवाजी. वळायचं तर त्याला कोणीतरी आत रेटावं लागतं. सपाट रस्त्यावर ते काम एकट्या पकडीचं, टायर जमिनीला धरून राहतो तेवढंच. रस्ता कलता असला की रस्ताच गाडीला आत रेटतो, पकडीवर फार भार येत नाही. तू कल काढलास. वर सुटा मुरूम घालून पकडही काढलीस."

"मंग थावराची गाडी काहून आत कलंडली?"

"ती हळू चालते. तिला एवढ्या रेट्याची गरज नसते, म्हणून ती आत घसरू बघते. हा कल मोटारीच्या वेगाला बेतलाय. एक कल दोघांना पुरत नाही."

सटवाजी नाल्याकडे बघत राहिला. "हे आधी सांगाया पायजे होतं, साहेब."

"हो," पंत म्हणाले. "सांगायला पाहिजे होतं."

वळण आपणच सपाट केलं, असं सटवाजीने ठाण्यावर जाऊन सांगितलं. महेबूब सुटला, पण त्याने पुन्हा मोटारीला हात लावला नाही. सटवाजीचं मुकादमपद गेलं. जाण्याआधी त्याने मुरूम खरवडून काढला आणि वळण पहिल्यासारखं कलतं करून दिलं. शेवटच्या दिवशी रूपाबाई तिथे आली. आता थावरासारखे आणखी किती पडायचे, असं तिने विचारलं. सटवाजीने तिला मोटारीचं सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबला. तिच्या घरात मोटारीत बसणारं कोणी नव्हतं.

पुढच्या हंगामात तो दोर घेऊन त्या वळणावर उभा राहू लागला. गाडी आली की दोर भाराच्या वरून टाकायचा आणि उंच कडेकडून ताणून धरायचा, गाडी आत कलू द्यायची नाही. गाडीवानांतले काही दोर टाकू देत. काही शिवी देऊन जात.

रूपाबाई आता उसना बैल जोडून स्वतःच गाडी हाकायची. वळण आलं तशी तिने गाडी थांबवली. सटवाजीने दोर उचलला.

"तुमचा दोर नगं," ती म्हणाली.

तिने वरची कापसाची बोचकी एकेक करून खाली टाकली, गाडी हलकी केली, बैलांना धरून वळणापलीकडे नेलं. मग परत आली आणि एक बोचकं डोक्यावर घेऊन निघाली. सटवाजीने दोर खाली ठेवला. दुसरं बोचकं त्याने उचललं आणि नाल्याच्या कडेकडून तिच्या मागे चालू लागला. तिने मागे पाहिलं. नको म्हणाली नाही, घे असंही म्हणाली नाही. बोचकी बरीच होती. दोघं खेपा घालत राहिली, आणि मधेच सेनगावची मोटार आली तेव्हा दोघांनी टेकडीला चिकटून तिला वाट दिली.