कडूबा मिस्त्रीचं नाक

कडूबा मिस्त्रीबद्दल लोक आता काहीबाही सांगतात. कुणी म्हणतं दारूनं वाया गेला, कुणी म्हणतं बायकोनं करणी केली. सगळी बकवास आहे. दारूला तो आयुष्यात शिवला नाय, आणि सरूबाईला करणी येत असती तर तिनं आधी स्वतःचं नशीब सुधारलं असतं. मी बन्सी. उस्मानपुऱ्यात त्याच्या गॅरेजला लागून माझं पंक्चरचं दुकान होतं, मधी फक्त एक पत्रा. बरंच मी डोळ्यानं पाहिलं, आणि जे पाहिलं नाय ते नंतर सरूबाईनं सांगितलं. माझा त्यात काय हात होता तेबी सांगणार आहे. ऐकायचं तर पुरतं ऐका.

कडूबाचा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा. बाप निजामाच्या मोटारखात्यात क्लीनर होता. राज्य गेलं, गाड्यांचे रंग बदलले, बाप शेवटपर्यंत क्लीनरच राहिला. पण पोराला त्यानं एक विद्या दिली. गाडीखाली डाग दिसला की बोट लावायचं, नाकाजवळ न्यायचं आणि सांगायचं की हे कशाचं तेल. इंजिनचं तेल जळकट वास मारतं, गिअरचं सडक्या अंड्यावाणी, आणि ब्रेकच्या ऑईलचा वास जरा गोडसर, औषधी असतो. दुसरे मिस्त्री तेलाचा थेंब पाण्यात टाकून बघायचे. ब्रेकचं ऑईल पाण्यात विरघळतं, इंजिनचं वर तरंगतं. माझ्या दुकानात पंक्चर बघायचा पाण्याचा टब होता, तिथं येऊन ते थेंब टाकायचे, की कडूबा पत्र्यापलीकडून ओरडायचा, "अरे, नाक काय शिंकायला दिलंय का देवानं?" नाकावर माशी बसू द्यायचा नाय असा गडी. सिल्लोड, कन्नडपासून जीपवाले त्याच्याकडं यायचे. डोळे मिटून वास घ्यायचा, एक शब्द बोलायचा आणि पान्याला हात घालायचा. चुकला असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली जॅक सरकला. जीपखालून डोकं काढता काढता चेसिसचा दणका बसला मागच्या बाजूला. सहा टाके पडले, आठ दिवस चक्कर येत होती, नंतर उठून कामाला लागला. आम्हाला वाटलं, वाचला. कुणाला काय कळलं नाय. सरूबाईला कळलं महिन्याभरानं. ती पाण्याला गेली होती, चुलीवर डाळ करपून कोळसा झाली, घरभर धूर, आणि हा चुलीपाशी बसून निवांत विडी ओढत होता. तिनं विचारलं, वास नाय आला? तर हा रडायला लागला. चांगला सहा फुटी गडी, बायकोच्या पदरात तोंड खुपसून रडला.

त्याच दिवशी त्यानं तिच्याकडून शपथ घेतली. कुणाला सांगायचं नाय. माहेरी तर अजिबात नाय. जावयाचं नाक गेलं हे सासरवाडीत कळलं तर तोंड कुठं लपवू, म्हणाला. आता ह्यात लपवण्यासारखं काय होतं? पाय मोडला असता तर गावभर दाखवत हिंडला असता. पण कडूबाची सगळी इज्जत त्या एका नाकावर उभी होती, आणि सरूबाईला ते बरोबर ठाऊक होतं. तिनं शपथ घेतली.

मग ती गॅरेजात येऊन बसायला लागली. घासलेटच्या तसराळ्यात सुटे भाग धुवायची, पेट्यांत नटबोल्ट लावायची. लोक बोलले, बाईमाणूस गॅरेजात काय करतंय. दोघांनीबी ऐकून सोडून दिलं. त्यांची खूण ठरलेली होती. गाडी आली की कडूबा पहिल्यासारखं बोट लावून, डोळे मिटून वास घेतल्याचं सोंग करायचा. सरूबाई तेवढ्यात खाली वाकून बोट लावायची, पदराआड हुंगायची आणि त्याला हात पुसायला फडकं द्यायची. इंजिनचं तेल असेल तर काळं फडकं, गिअरचं असेल तर गोणपाटाचा तुकडा, ब्रेकचं असेल तर धुतलेलं पांढरं. फडकं हातात पडलं की कडूबा डोळे उघडायचा आणि सांगायचा. दोन वर्षं हे चाललं, आणि दोन वर्षांत एक चूक नाय. खरं म्हणजे तिचं नाक त्याच्यापेक्षाबी तेज होतं. पण वाहवा त्याचीच व्हायची आणि ती खाली मान घालून बेअरिंगं धूत बसायची.

मला ह्यातलं काय ठाऊक नव्हतं. मला दिसायचं एवढंच, की मिस्त्री बायकोच्या हाताकडं बघून बोलतो. आणि माझं तोंड तुम्हाला माहीत नाय. एकदा चहा पिताना चारचौघांत मी म्हणालो, "मिस्त्री, आता बोर्ड बदल. सरूबाई मोटार गॅरेज लिही." सगळे हसले. कडूबानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून गेला. माणूस दुखावलाय हे मला दिसलं. दिसून मी काय केलं? दुसऱ्या दिवशी परत तेच बोललो. माझ्या जिभेला हाड नाय, आणि त्या वेळी मला माझ्या बोलण्याचं कौतुक वाटायचं.

फकिरा आला तो दिवस मंगळवारचा. फकिरा म्हणजे सरूबाईचा पाठचा भाऊ. माहेर अजिंठ्याजवळ, घरात म्हातारी आई लक्ष्मीबाई आणि हा एकटा पोरगा. औरंगाबाद ते अजिंठा जीप चालवायचा, डिझेलची, जुनी. हसरा पोरगा. दाजी म्हणजे त्याला देव. त्या दिवशी दोन तक्रारी घेऊन आला. एक, गाडी चढाला अडखळते, रेस दिली की दम खाते आणि मग एकदम उचलते. दुसरी, ड्रायव्हरच्या पायाखाली जमिनीवर तेल पडतंय.

पहिली तक्रार कडूबानं अशी काढली की बघत राहावं. पेचकसाचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली, रेस द्यायला लावली. "डिझेलच्या लाईनीत हवा जातीय," म्हणाला. फिल्टरच्या बोल्टखालचं तांब्याचं वायसर दबून चपटं झालं होतं. नवं घातलं, हातपंप मारून बुडबुडे बाहेर काढले, आणि गाडी सुरळीत बोलायला लागली. कान शाबूत होते ना त्याचे. फकिरा खूश झाला. मीबी पत्र्यापलीकडं जाऊन बघत उभा राहिलो.

मग तो गाडीखाली गेला. त्या जुन्या जीपला ब्रेकचा मास्टर, ज्याच्या टाकीत ब्रेकचं ऑईल असतं तो, ड्रायव्हरच्या पायाखालीच असतो, फळीच्या खाली, आणि त्याच्या शेजारी इंजिनच्या तेलाचं चेंबर. चेंबरचं पॅकिंग खरंच गेलेलं होतं, तेल पाझरत होतं, सगळीकडं काळा चिखल झाला होता. थेंब कुठून निघतो आणि कुठून टपकतो, डोळ्याला कळायची सोय नव्हती. कडूबानं बोट लावलं, डोळे मिटले. सरूबाईनं वाकून बोट लावलं, पदर तोंडाशी नेला. आणि पांढरं फडकं पुढं केलं.

त्याच वेळी मी बोललो. "घे की मिस्त्री, मालकीणबाई देतात तर. त्यांना विचारल्याबिगर तुझं पान तरी हलतं का?"

फकिरा हसला. बिचारा सहज हसला, मेव्हण्याची गंमत म्हणून. कडूबाचं तोंड लाल झालं. त्यानं ते फडकं हातानं उडवून लावलं, खालची काळी चिंधी उचलली आणि बोट पुसलं. "चेंबरचं पॅकिंग गेलंय," म्हणाला. सरूबाईनं फडकं उचलून परत पुढं धरलं. नुसतं धरून उभी राहिली. तसा तो कडाडला, "माझं नाक मेलंय का? जा, घरी जा तू. भाकरी टाक."

ती गेली नाय. बाजूला उभी राहिली. तिनं मला नंतर सांगितलं की त्या घटकेला तिच्या मनात काय काय आलं. सख्खा भाऊ समोर उभा आहे. एक वाक्य बोललं की काम झालं. पण बोललं की नवऱ्याचं नाक भावाच्या देखत, ह्या बन्सीच्या देखत, चव्हाट्यावर. आणि मग वाटलं, चेंबर तर खरंच गळतंय, हे खोलतील तेव्हा मास्टर दिसेलच डोळ्याला. तीन पावलांवर माझा पाण्याचा टब होता. एक थेंब टाकला असता तरी झालं असतं. पण पोरखेळ म्हणून त्या टबाची चेष्टा करणारा तोच होता, आणि आता बायकोच्या आणि माझ्या समोर तो त्या टबाशी येणार नव्हता.

त्यानं चेंबर उतरवलं, नवं पॅकिंग घातलं, चिखल पुसून काढला. मास्टरकडं वळूनसुद्धा बघितलं नाय. फकिरानं ब्रेक दाबून बघितला, बरोबर लागला. आत अजून ऑईल होतं ना. जाताना सरूबाई गाडीच्या खिडकीशी गेली आणि म्हणाली, "सावकाश जा रे. घाट उतरू नको आज." तो म्हणाला, "आक्का, दाजीनं हात लावलाय. आता काय भ्याचं?"

त्याच दिवशी अजिंठा गावात त्यानं सवाऱ्या उतरवल्या. घाटाखाली लेण्यांकडं काही माणसं परतीची वाट बघतायत असं कुणीतरी सांगितलं, म्हणून एकटाच घाट उतरायला लागला. दिवसाउजेडी, चार वाजता. दुसऱ्या वळणावर कठडा तोडून गाडी खाली गेली. रस्त्यावर करकचून ब्रेक दाबल्याची एक रेघ नव्हती. त्यावरनं गावात बोलबाला झाला की पोरगं पिऊन होतं, तर्र होतं, ब्रेकवर पायच ठेवला नाय. होळीला एकदा तो पिऊन नाचला होता, तेवढं लोकांना पुरलं.

दोरांनी गाडी वर ओढली तेव्हा कडूबा आणि मी तिथं होतो. फळी उचकटलेली होती. मास्टरच्या टाकीत मी बोट घातलं, कोरडी ठाक. चेंबरचं नवं पॅकिंग मात्र जागच्या जागी होतं, थेंब गळला नव्हता. कडूबानं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. तो मला म्हणाला, "चल."

तेराव्याला आम्ही तिघं गेलो. अंगणात पत्रावळी मांडत होते. लक्ष्मीबाई उंबऱ्याशी बसली होती, डोक्यावर पदर, मान खाली. जावयाच्या समोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "जावईबापू, लोक म्हणतात माझं पोरगं पिऊन होतं. शेवटचा हात तुमचा लागला गाडीला. तुमी सांगाल ते मी मानीन. गाडीत काय खोट होती का?"

चुलते, भावकी, शेजारपाजार, सगळे बघायला लागले. म्हातारीला पोरगं परत पायजे नव्हतं, त्याचं नाव तेवढं धुऊन पायजे होतं. कडूबा मातीकडं बघत उभा राहिला. आता बोलेल, मला वाटलं. आता नाय तर कधी.

"गाडी ठीक होती," कडूबा म्हणाला.

म्हातारीनं डोळे मिटले. तेवढ्यात सरूबाई बायकांतून उठून पुढं आली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाय. "खोटं हाय, आई. ब्रेकचं ऑईल गळत होतं. ह्यांना वास येत नाय. डोक्याला लागलं तेव्हापासून, दोन वर्षं झाली. फकिरानं दारूचा थेंब घेतला नव्हता."

कडूबानं तिच्याकडं बघितलंबी नाय. लक्ष्मीबाईनंबी त्याच्याकडं बघितलं नाय. ती लेकीकडं बघत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"त्या दिवशी? तो निघाला तवा?"

"व्हय, आई."

म्हातारी खांबाला धरून उठली. मी वाट बघत होतो की ती जावयाला शिव्या देईल, दगड उचलेल, काहीतरी करेल. तिनं सुनावलं ते लेकीला. "ह्या दारात पुन्हा येऊ नको." आणि मागं वळून बायकांना म्हणाली, "जावईबापूंना पाट मांडा. उपाशी जायला नाय पायजेत."

सरूबाई तशीच फाटकाबाहेर गेली आणि रस्त्याच्या कडेला उन्हात बसली. तिला कुणी जेव म्हणालं नाय. मला उठून सांगायचं होतं की ते फडकं तिनं दोनदा पुढं केलं होतं, आणि तोंड माझं सुटलं होतं. शब्द ओठापर्यंत आले. पण पान वाढलेलं होतं, माणसं बघत होती, आणि विषय मिटला होता.

कडूबा जेवला. मी त्याच्या शेजारच्या पानावर होतो. मीबी जेवलो.