पॅनेलवरचे पापड

मी डोलवीच्या पोलाद कंपनीत कंत्राटी इलेक्ट्रिशियन आहे. तिथली वीज रोज बघणाऱ्या माणसाला घरच्या विजेचं अप्रूप वाटू नये. भट्टीत लोखंडाचं पाणी होत असतं आणि आम्ही त्याकडे पाठ करून डबा खातो. पण आमच्या गच्चीवर चार सोलर पॅनेल बसले आणि माझी मती जी गुंग झाली, ती अजून जाग्यावर आलेली नाही.

हे सगळं आईच्या मनगटापायी झालं. आमचं गाव पेणपासून जवळच, खाडीच्या बाजूला. आई पोह्यांचे पापड करते. मला कळतंय तेव्हापासून उन्हाळाभर घरात तिच्या पीठ कुटण्याचा आवाज असायचा. यंदा तिचं मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टी बांधून बजावलं, कुटणं बंद, नाहीतर हात कायमचा जाईल. मी पीठ मळायचं मशीन आणलं. पण पापडांचे दिवस आणि दुपारी वीज जायचे दिवस आमच्याकडे एकच. अर्धवट मळलेलं पीठ पडून राहिलं की वाया जातं. म्हणून सोलर घ्यायचं ठरलं.

आईने एवढंच विचारलं, "मशीन पीठ मळनार, सून लाटनार. मंग मी काय करू?"

"आराम," मी म्हणालो.

 त्यानंतर ती दिवसभर ओटीवर नुसती बसून राहायला लागली. जेवायलाही हाक मारल्याशिवाय उठेना. हे मला दिसत होतं, पण माझं सगळं लक्ष इन्व्हर्टरमध्ये.

पॅनेल आणि इन्व्हर्टर जुळवणं म्हणजे सोयरीक जमवण्याइतकं किचकट. मशीनची मोटर चालू होताना एकदम जोराचा हिसका मारते, नंतर शांत चालते. तो हिसका छोट्या इन्व्हर्टरला झेपेना, म्हणून मोठा घेतला. मोठ्याची वेगळी तऱ्हा. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलांचं व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर गेल्याशिवाय तो जागाच होत नाही. पाच पॅनेल असते तर आरामात भागलं असतं. पण अर्धी गच्ची पापड वाळवायला सोडायची होती, त्यामुळे चारच मावले. चारांचं व्होल्टेज जेमतेम पुरत होतं. बॅटरी पुढच्या बोनसवर ढकलली. ऊन आहे तोवर मशीन चालेल, असा सगळा मामला.

पहिल्या दिवशी वीज गेली आणि मशीन तरीही चालत राहिलं. मी धावत गच्चीवर गेलो. वर काहीच हलत नव्हतं. धूर नाही, आवाज नाही. ऊन नुसतं पडलं होतं आणि खाली पीठ मळलं जात होतं.  ज्या उन्हाला मी जन्मभर शिव्या घालत आलो, त्यात मी तळहात पसरून उभा राहिलो. हे इतकी वर्षं आमच्या डोक्यावर फुकट पडत होतं आणि आम्ही टोप्या शोधत होतो.

मग एके दिवशी पहिल्या शिफ्टहून घरी आलो तर बायको मशीनपाशी कपाळाला हात लावून बसलेली. बाहेर लख्ख ऊन, आणि वीज नसताना मशीन बंद. परातीत पीठ तसंच. मी वायरी तपासल्या, जोड तपासले, सगळं जागच्या जागी. पॅनेल तापलं की व्होल्टेज थोडं उतरतं, हे मला ठाऊक होतं. चारांवर भागवायचा माझा शहाणपणा अंगाशी आला, असं वाटलं. तसं असेल तर यंदाचे पापड गेले, आणि आईला परत मुसळ हातात घ्यायला कोण अडवणार? पाचवं पॅनेल कुठे घुसवता येतं का बघायला मी गच्चीवर चढलो.

आई वरच होती. शेवटच्या पॅनेलवर तिने जुनी धुतलेली साडी पसरली होती, कोपऱ्यांवर दगड ठेवले होते आणि साडीभर पापड मांडले होते.

"आई, हे काय?"

"येवडी सोच्छ काच, कशी तापलीय बघ. उगा मोकली कशाला ठेवायची? खाली मुंग्या होतात."

ओरडायला तोंड उघडलं होतं, पण हसूच फुटलं. मी तिला समजावलं. चारही एका ओळीत आहेत. एक झाकलं की बाकीच्या तिघांचं बळ इन्व्हर्टरला पुरत नाही आणि तो झोपतो.

"मंजे माज्या पापडांनी माजंच मशीन बंद केलं?"

"व्हय."

तिने दगड काढले. आम्ही दोघांनी मिळून साडी पापडांसकट अलगद उचलली. थोडा वेळ गेला आणि खालून मशीनची घरघर ऐकू आली. आईने ती मान तिरपी करून ऐकली. "परत टाक," ती म्हणाली. साडी परत टाकली. घरघर थांबली. बायको खालून विचारत होती, आता काय झालं. परत उचलली. आम्ही वाट बघत उभे राहिलो. घरघर परत सुरू झाली.

आई आपल्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. भट्टीपाशी मला कधी वाटलं नाही ते तिथे वाटलं, की आपण काहीतरी फार मोठं बघतोय.

आता रोज सकाळी आई ओलं फडकं घेऊन गच्चीवर जाते. रात्रीतून साचलेली धूळ चारही काचांवरून हलक्या हाताने पुसते. एवढ्याला डॉक्टरांची ना नाही. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नाही. मग ऊन चढेपर्यंत तिथेच बसते. खाली इन्व्हर्टर जागा होऊन टुक्क करतो, तेव्हा ती कठड्यावरून वाकून सुनेला हाक मारते, "घे गो, चालू केलं मी."