तळपायावरचा ठिपका

लेक चार महिन्यांची झाली, माझी रजा संपत आली आणि नेमकं तेव्हाच आमच्या घरात भूत शिरलं.

आदिलाबादकडच्या उटनूरच्या त्या भाड्याच्या घरात मधल्या खोलीत आम्ही साडीची झोळी बांधली होती. दुपारी लेकीला झोपवून मी मागे लंगोट धुवायला जायचे. परत येऊन पाहावं तर तिच्या डाव्या तळपायावर मसुराएवढी काळी तीट. एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजच. झोळी हळूहळू हलत असायची, आत्ताच कुणी हात काढून घेतल्यासारखी. अंगणात सागाची वाळकी पानं घसटत जायची आणि खोलीत कुणीही नसायचं. ओल्या फडक्यानं एका झटक्यात ती तीट पुसायची आणि लेकीला छातीशी धरून बसायचं, एवढंच मला सुचायचं.

दुसऱ्या कुणाच्या घरी तीट दिसली असती तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. आमच्या घरात मात्र काजळाची डबीच नव्हती. माझे सासरे, ज्यांना आम्ही बाबा म्हणतो, ते निवृत्त मास्तर. शेतमजुराच्या घरातले पहिले शिकलेले. दर रविवारी विहारात तीट, काळा दोरा, लिंबू-मिरची यांच्यावर ते असं काही बोलायचे की आया गुपचूप पोरांच्या मनगटांवर पदर ओढायच्या. नातीच्या नामकरणातही त्यांनी तेच भाषण केलं, पाहुणे जेवायचे खोळंबले तरी. नवरा आणि मी, दोघंही त्यांच्याच मताचे. त्यामुळे भुतावर ढकलून मोकळं व्हायची सोय नव्हती. तपास करणं भाग होतं.

आणि तोही लवकर. येत्या सोमवारी मला कचेरीत हजर व्हायचं होतं, नवऱ्याची शाळाही त्याच दिवशी उघडणार होती. लेक दिवसभर बाबांजवळ आणि मालीश करणाऱ्या मावशीजवळ राहणार होती. कोण हात लावतंय ते कळल्याशिवाय मी तिला सोडून जाणार कशी?

नवरा गणिताचा मास्तर, त्याला सगळं सिद्ध करायची हौस. पहिल्या दिवशी त्यानं झोळीभोवती लेकीची पावडर भुरभुरली. दुपारी पावलं उमटली. आम्ही श्वास रोखून पट्टीनं मापं घेतली. सगळी त्याचीच निघाली. पावडर नीट पडली का ते बघायला त्यानंच चार फेऱ्या मारल्या होत्या. दुसऱ्या दिवशी खिडकीत मोबाइल लावला. लेकीच्या फोटोंनी तो इतका गच्च भरलेला की दोन मिनिटांत चित्रीकरण बंद. रोजचा अहवाल आम्ही बाहेरच्या खोलीत बाबांना द्यायचो. ते पेपर खाली ठेवून ऐकायचे आणि म्हणायचे, "भूतबीत काई नसते. पुरावा पाहा."

तिसऱ्या दिवशी नवरा हळूच म्हणाला, "तू झोपली कुठं इतक्या दिवसांत? तूच लावून इसरून तं नाई राह्यली?"

मी त्याच्यावर अशी खेकसले की लेक दचकून उठली. पण नंतर न्हाणीत जाऊन मी माझी बोटं उजेडात धरून पाहिली. खरं सांगते, भुताची नव्हती तेवढी भीती मला त्या दिवशी स्वतःची वाटली.

उरली मावशी. शुक्रवारी मी तिला स्पष्टच विचारलं. ती तेलाची वाटी हातात घेऊन उठली.

"मी लावली असती तं कपाळावर लावली असती, सांगूनसवरून. तळपायाले लपून काऊन लावू?" एवढं बोलून ती गेली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. तोंडाला चव नाही म्हणाले.

शनिवारी मावशी नव्हती, तीट होती.

आता मात्र घाबरायचंही त्राण उरलं नव्हतं, म्हणून मी पहिल्यांदाच सावकाश पुसलं. काळ्या ठिपक्याच्या कडेनं निळं पाणी उतरलं. काजळ असं उतरत नाही. कचेरीत माझा अर्धा जन्म शाईत गेलाय. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. शाईचा पेन आमच्या घरात एकाच खिशाला असायचा.

रविवारी बाबा विहारातून भाषण करून आले. दुपारी मी मागे बादली मुद्दाम जोरात आपटली आणि आम्ही दोघं पडद्याआड उभे राहिलो. बाबा आले. पेनचं टोपण काढलं, निब बोटाला टेकवली आणि ते बोट नातीच्या तळपायाला. मग झोळीला अगदी हलका झोका दिला.

"बाबा, हे काय करून राह्यले तुमी?" नवरा पुढे झाला.

ते दचकले नाहीत. खाली बसले फक्त.

"तुह्या आधी एक पोरगी होती आमाले," ते म्हणाले. नवऱ्याला हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. "तुह्या मायनं तिले तीट लावली. मी पुसली, भाषण देऊन पुसली. तिसऱ्या दिवशी पोरगी तापानं गेली. तापानंच गेली, मले काय समजत नाई? पण तुह्या मायनं मरेपर्यंत मले एका शब्दानं इचारलं नाई."

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मावशीले बोलाव, बाई. तिची मी माफी मागतो. आन् हे पुसून टाक."

फडकं माझ्या खांद्यावरच होतं. रोज मी तो ठिपका पुसत होते आणि रोज ते बाहेरच्या खोलीतून पाहत होते. माझा हात उचलेना.

सोमवारी मावशी परत आली, बाबांनी तिची माफी मागितली, आणि तिच्या हाती लेक देऊन मी कामावर गेले. संध्याकाळी आले तर लेकीचा तळपाय कोरा. बाबा दारातच उभे होते.

"नाई लावली," ते म्हणाले, पण त्यांचे डोळे लेकीच्या पायावरून हलत नव्हते. दिवसभर ते झोळीजवळून उठले नाहीत, जेवायलाही नाही, दर घटकेला तिचं कपाळ चाचपत होते, असं मावशीनं सांगितलं.

तिटीवर माझा विश्वास आजही नाही. मी बाबांच्या खिशातला पेन मागून घेतला, बोटाला शाई लावली आणि त्यांच्यासमोर ती लेकीच्या तळपायाला टेकवली.

मग बाबा जेवायला बसले.