कानसेन काकांचा धोटा

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा माणूस माझी जीप खातोय असंच मला वाटलं. बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ आत वाकून एक लाकूड दातांत गच्च धरून उभे. लाकडाचं दुसरं टोक इंजिनाला टेकवलेलं. डोळे मिटलेले, जबडा इंजिनाबरोबर थरथरतोय. मी गुरांची डॉक्टर, म्हशीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालणारी बाई. पण ते बघून मी दोन पावलं मागे सरले. थोड्या वेळाने त्यांनी लाकूड तोंडातून काढलं, बाहीला पुसलं आणि म्हणाले, "वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय, डॉक्टरबाई. हातोदपर्यंत पोचाल. वापस नाही येणार."

मी हसले आणि निघाले. परत येताना अर्ध्या वाटेत जीपने वाफा सोडल्या आणि मी ट्रॉलीतून, सोयाबीनच्या पोत्यांवर बसून इंदूरला आले. दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे त्यांच्या शेडसमोर उभी. नवा पंप त्यांनी आधीच आणून ठेवला होता.

बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडखाली त्यांचं काम चालायचं. सगळी गल्ली त्यांना कानसेन म्हणायची. "कानसेनना दाखवा, भिया, इंजिनाच्या पोटातलं ऐकतात," असं पानवाला अनोळखी माणसाला आवर्जून सांगायचा. त्याआधी पंचवीस वर्षं ते मिलमध्ये माग दुरुस्त करत होते. मिलच्या साहेबांची जुनी फोर-व्हील जीपही त्यांच्याच हाताखालची. मिल बंद झाली तेव्हा बाकीचे फाटकावर घोषणा देत होते, आणि काका मागावरचा एक धोटा कापडात गुंडाळून घरी घेऊन आले. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा, दोन्ही टोकांना पोलादी टोपी असलेला, हातभर लांबीचा लाकडी धोटा. तोच ते दातांत धरायचे.

बॉनेटला हात लावण्याआधी ते माणसाची चौकशी करत, अगदी मी गुराच्या मालकाची करते तशी. काल कुठे गेला होता, नाला ओलांडला का, मागे किती पोती होती? एकदा चिखलातून निघताना मी चारही चाकांना जोर देणारी फोर-व्हीलची दांडी टाकली आणि तशीच डांबरी सडकेने ऐटीत घरी आले. मग दांडी काही केल्या निघेना. मी हातोडा घेऊन शेडमध्ये शिरले.

"सडकेवर आल्यावर दांडी काढली होती?"

"नाही."

"मग तिला कशाला मारता? हातोडा ठेवा. रिवर्स टाका आणि दहा हात मागे जा."

मी गेले. आणि दांडी माझ्या हातात आपोआप सैल झाली. ओल्या मातीत चाकं थोडी घसरतात म्हणून पुढचा-मागचा ताण निघून जातो, कोरड्या सडकेवर तो आत साठत राहतो, हे त्यांनी मला दोन बिस्किटं टेबलावर सरकवत समजावलं. नाल्यातून निघाल्यावर ब्रेक एका बाजूला ओढतो, तर लगेच नटबोल्ट खोलायचे नाहीत; ब्रेकवर हलका पाय ठेवून फर्लांगभर चालवायचं, म्हणजे आतलं पाणी सुकतं. स्टिअरिंग थडथडायला लागलं तर आधी टायरची हवा बघायची. "पहले फुकटवालं बघा, मग खर्चावालं," असं म्हणून ते ग्राहकाला विनाकाम परत पाठवत.

मला बोलायची भारी हौस. घरी मला आकाशवाणी म्हणत. काका मात्र माझं बोलणं असं ऐकत, की तसं जन्मात माझं कोणी ऐकलं नव्हतं. हातातलं काम बाजूला ठेवत, समोर स्टूल ओढत आणि माझ्या चेहऱ्यावरची नजर ढळू देत नसत. आई म्हणायची, मेकॅनिककडे तासतास काय बसतेस? मी म्हणायची, ते माझं ऐकतात. केवढा तोरा होता मला त्याचा!

त्या भरात मी त्यांना भेट म्हणून माझा जुना स्टेथोस्कोप नेला. त्याच्या गोल तोंडाला दोन बाजू असतात. तोंड फिरवून एक चालू केली की दुसरी बंद. काकांनी नळ्या कानात घातल्या, तोंड चालत्या इंजिनाला टेकवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा, डॉक्टरबाई! एक-एक व्हॉल्व अलग ऐकू येतोय."

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. त्यांनी बंद बाजू टेकवली होती. तिच्यातून काही म्हणता काही ऐकू येत नाही.

मी मुद्दाम त्यांच्या पाठीमागे गेले आणि हाक मारली, "काका." मग मोठ्याने, "काका!" समोरचा पानवाला दचकून माझ्याकडे बघायला लागला. काका हसऱ्या चेहऱ्याने इंजिनावर स्टेथोस्कोप फिरवत होते.

ते ठार बहिरे होते. मागांच्या खडखडाटाने मिलमध्येच कान गेले असणार, आणि तिथेच, त्या गदारोळात, ते ओठ वाचायला शिकले असणार. धोट्यातून ते ऐकत नव्हते. दातांना थरथर कळायची तेवढंच. आणि माझं बोलणं ते लक्ष देऊन ऐकत, ते नुसतं ओठ वाचणं! मला रडायलाच आलं. मग आठवलं, गाडी तपासताना ते मला शेजारी बसवून हातोद रस्त्याने भरधाव नेत, आणि मागून ट्रक कितीही कोकलला तरी वाट देत नसत. तो मला त्यांचा रुबाब वाटायचा.

हे कळलं ते नेमकं वाईट वेळी. देवास नाक्याकडे नव्या गाड्यांचं एक चकचकीत वर्कशॉप उघडलं होतं. तिथे पुण्याहून आलेला एक तरुण मॅनेजर होता, आणि मीच त्याला काकांबद्दल सांगून ठेवलं होतं. जुन्या जीपही तिथे येणार होत्या, त्याला अनुभवी माणूस हवा होता. मिल बंद झाल्यापासून काकू शेजारणींचे कपडे शिवत होत्या. पक्की नोकरी, दर महिन्याला पगार, म्हणून काकांनी चक्क नवी पँट शिवून घेतली. "मिल सुटल्यावर पहिल्यांदा कोणी इंटरव्ह्यूला बोलावलंय," असं गल्लीभर सांगून झालं.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी मी मॅनेजरला भेटले. मला वाटलं, लपवणं बरं नाही. उद्या गाडी बाहेर काढली आणि काही झालं तर? आणि खरं सांगायचं तर, एवढी मोठी गोष्ट मला पोटात ठेवता येईना. मी म्हटलं, "त्यांना ऐकू येत नाही. तुम्ही फक्त समोर बघून बोला, बाकी ते सोनं आहेत." मुलगा खरंच भला होता. म्हणाला, "काही हरकत नाही मॅडम, मी काळजी घेईन."

त्याने काळजी घेतली. काका माझ्याबरोबर केबिनमध्ये शिरताच तो उठून उभा राहिला, तोंड त्यांच्या तोंडाजवळ नेलं, आणि जेवढं फाकवता येईल तेवढं फाकवून ओरडला, "का... का... ब... सा!" काचेपलीकडची सगळी माणसं वळून बघायला लागली. त्याने स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग अंगठा वर केला, म्हणजे चालेल. मग एक-एक अक्षर ताणत, तोंड वेडंवाकडं करत प्रश्न विचारायला लागला. असं ताणून बोललं की ओठ वाचताच येत नाहीत, हे मला कुठे माहीत होतं? काकांना एक शब्द समजेना. जन्मात ज्या माणसाला उत्तरासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं, तो माणूस गोंधळून त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहिला.

मग त्यांनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर आठवली की अजून माझी मान खाली जाते.

ते उठले. "साहेब, ओरडता कशाला?" अगदी शांतपणे म्हणाले. "मला ऐकू येतं." आणि पँटची इस्त्री सांभाळत बाहेर निघून गेले.

मी संध्याकाळी धावत त्यांच्या घरी गेले. काकूंनी मला ओट्यावरच थांबवलं.

"काकू, माझं चुकलं. पण मला परवाच कळलं हो, त्यांना ऐकू येत नाही ते!"

"तुम्हाला परवा कळलं," काकू म्हणाल्या. "गल्लीला आठ वर्षांपासून माहीत आहे. पानवाल्याला, दूधवाल्याला, पोरासोरांना. कानसेन नाव कोणी ठेवलं, बाई? याच लोकांनी. बाहेरच्याला शंका येऊ नये आणि धंदा चालावा म्हणून. सगळे यांच्या समोर उभे राहून बोलतात. मागून गाडी आली तर कोणी ना कोणी खांद्याला हात लावतं. फक्त यांना वाटतं, कोणालाच माहीत नाही. यांचा तेवढा समज तर जपायचा होता न."

सगळी गल्ली आठ वर्षं गप्प राहिली होती, आणि शिकलेली मी दोन दिवससुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात जीप घेऊन गेले तर काका नेहमीसारखे हसले, चहा मागवला. धोटा मात्र खिळ्याला टांगलेलाच राहिला. "डॉक्टरबाई, तुमची गाडी आता दुसऱ्या कोणाला दाखवा," ते म्हणाले. "तुमच्या गाडीला ऐकणारा माणूस पाहिजे." त्यात राग नव्हता, हीच शिक्षा होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी नजर खाली वळवून पाना पुसायला घेतला. त्यांना काही ऐकायचं नसेल तर तेवढं पुरायचं.

काही वर्षांनी पानवाल्याने काका गेल्याचं सांगितलं. मी काकूंना भेटायला गेले. धोटा त्यांच्याबरोबर चितेवर ठेवला, म्हणाल्या. मग आतून माझा स्टेथोस्कोप आणून दिला. "शेवटपर्यंत शेडमध्ये टांगलेला होता. आल्या-गेल्याला दाखवायचे, डॉक्टरबाईंनी दिलाय म्हणून. लावूनही दाखवायचे."

घरी आल्यावर मी तो कानात घातला आणि छातीला टेकवला. काही ऐकू येईना. मी घाबरून नाडी चाचपली, आणि मग बघितलं. तोंड अजून त्याच बाजूला वळलेलं होतं.

मी ते फिरवलं नाही. आता तो माझ्या दवाखान्यात खिळ्याला टांगलेला असतो. कोणी हात लावून विचारतं, हा जुना चालतो का हो? मी सांगते, चालतो की. एकदम साफ ऐकू येतं.