सिद्धूनं होडी बुडवली

आमच्या सिद्धूनं गावाची शर्यतीची होडी भर दिवसा नदीत बुडवली. व्हय, बुडवली. दुसऱ्या कुनी वाकडं करून सांगन्यापरीस मीच सांगतो. मी त्येचा थोरला भाऊ, आकाराम. वाळूची पोती मीच उचलून दिली त्येला. चार गड्यांचं काम मी एकला करतो, अजून करतो, इचारा गावात.

मी सातवी शिकलोय. सिद्धू धावीला नापास. पर होडीचं अंग त्येच्यावानी वळखनारा एक गडी कृष्णाकाठाला दावा, मी मिशी उतरवतो.

आमचं गाव सांगलीच्या वरल्या अंगाला, नदीच्या वळनावर. ऊस पार पान्याला टेकलाय. श्रावनात होड्यांच्या शर्यती असत्यात. शेजारच्या गावांनी फायबरच्या हलक्या होड्या आनल्या. आमच्या तालमीची मातूर सागवानी. तिची राखन सिद्धू करतो. ह्ये काम त्येला कुनी दिलं न्हाई, त्येनं घेतलं. कुपवाडला कारखान्यात पाळी करतो, पर गाडीला किक मारायच्या आदी नदीवर चक्कर ठरल्याली.

लाकडाच्या होडीचं दुखनं दोनी बाजूनं हाय. भायर ठिवली तर वाळती, फळ्यांच्या जोडात फटी पडत्यात. पान्यात ठिवली तर बुडाला शेवाळ धरतं. आदी नुस्तं गिळगिळीत लागतं, मंग त्येच्यावर गाळ बसतो, गाळात बारकी शिंपली चिकटत्यात. आसलं बूड वढताना वल्हं मारनाऱ्याचा जीव जातो. सिद्धूचं म्हननं एकच, होडी पान्यात ठिवायची आन पान्यातच घासायची. उथळ जागंला आनून एका कुशीवर कलती करायची, म्हस डुंबाय बसती तशी. वर आल्याली बाजू काथ्यानं चोळायची, घोसाळ्याच्या वाळक्या जाळीनं पुसायची, आन ऊन लागायच्या आत वलं पोतं टाकायचं. लोखंडी पत्रा लावू देत न्हाई. म्हनतो, "चरा पडला की शेवाळाला बसाय जागा झाली." उनाळ्यात एकदाच झाडाच्या गार सावलीत घिऊन करंजाचं त्याल पाजायचं, की परत पान्यात.

आन पारख कशी, तर उघड्या पाठीनं. होडीच्या खाली शिरतो आन बुडाला पाठ लावून सरकत जातो. शेवाळ डोळ्याला दिसायच्या आदी पाठीला कळतं म्हनं.

त्येची बायकू सुलाबाई एकदा काठावरनं म्हनली, "आवं, माजी पाठ कवा चोळली न्हाई, हिची रोज चोळताय."

"तुज्यावर शेवाळ धरलं की बगू."

"धरलंया कवाच. तुमाला बगाय सवड हाय का?"

सगळा घाट हसला. सिद्धू न्हाई हसला, त्येचं बूड घासायचं ऱ्हायलं व्हतं.

मंग आला बेंदूर, बैलांचा सन. पूर्वी दारात बैल आसायचं, आता ट्रॅक्टर हाय. वल्ही मारनाऱ्या पोरांचा म्होरक्या उदयसिंह. त्येच्या डोस्क्यात आलं, होडी हाच आपला बैल. सिद्धू पाळीला गेल्याला बगून ह्येंनी होडी काडली आन मारुतीच्या देवळाम्होरं आनली. तांबडा-पिवळा ऑइलपेंट बुडापतुर फासला, बेगड लावली, झूल घातली, पुरनपोळीचा निवद दावला. रंग वाळाय पायजे, फोटू काडाय पायजेत म्हनून होडी तितंच ऱ्हायली. कडक ऊन.

सिद्धू पाळीवरनं आला, बोंबलून थकला. "बैल रंगवताना शिंगं रंगवत्यात रं. पोट कोन रंगवतं?"

"रंग हाय म्हंजी शेवाळ धरनार न्हाई," उदयसिंह म्हनला. "तुजंच काम वाचवलं गड्या."

आठवड्यानं पान्यात घातली. सांजंपतुर निम्मी भरली. जोड उघडलं व्हतं, आन वल्या लाकडावर मारल्याला रंग पापडावानी सुटाय लागला.

तालमीत बैठक बसली. उदयसिंह म्हनला, "झालं, हिचं दिवस भरलं. देवळाम्होरं शोभंला ठिवू, आवंदा फायबरची भाड्यानं आनू."

सिद्धू उठला. "हिला बुडवा."

एक म्हातारा कान पुडं करून म्हनला, "काय म्हनतोय ह्यो?"

"बुडवा म्हनतोय," मी मोठ्यांदा सांगितलं, "आन आमी दोगं बुडवनार. लाकूड वाळलंय, त्येला पोटभर पानी पिऊ द्या. फुगलं की फटी मिटत्यात."

"आन न्हाई मिटल्या तर?" उदयसिंह.

सिद्धू म्हनला, "तर ठिवा देवळाम्होरं. मी परत नदीला पाय लावनार न्हाई."

त्येचा शब्द मला ठावं हाय. नदी सुटली तर त्यो गडी उरत न्हाई, नुस्ता कुपवाडला जानारा-येनारा ऱ्हातो. पर त्येला मागं वढला न्हाई मी. आमच्या घरात मागं वढायची रीत न्हाई.

आदी सगळा रंग चोळून काडला. मंग बाभळीच्या मागं, संथ पान्यात, होडी दोराला बांधली, पोती भरली आन खाली बसवली. पूल वलांडनारं लोक थांबून बगायचं. एक जन वरनं म्हनला, "काय आकाराम, म्हस बुडाली म्हनं?"

"बुडाली न्हाई, डुंबाय बसलीया. धार काडायच्या टायमाला तुला हाक मारतो, चरवी घिऊन ये."

त्या साली पावसानं वड दिली व्हती. पानी हलंना, त्येच्यात ऊन. शेवाळाला आनखी काय पायजे? आता आतनं बी धराय लागलं आन भायरनं बी. सिद्धू रोज सकाळी बुडी मारून घासायचा, डोळं तांबडं करून पाळीला जायचा. उदयसिंह काठावर यायचा, हाताची घडी घालून बगायचा, जायचा. सिद्धू त्येच्याकडं मान वळवायचा न्हाई.

शर्यत तोंडावर आली तवा पोती काडली, पानी उपसलं. सगळी पोरं आली व्हती. होडी तरंगाय लागली आन समदी वाकून तिच्या पोटात बगाय लागली. लय येळ बगितलं. थेंब न्हाई. उदयसिंहानं जोडावरनं बोट फिरवलं, आपल्या इजारीला पुसलं. बोट कोरडंच व्हतं तरी पुसलं.

शर्यतीत आमचा नंबर दुसरा. म्होरं एक फायबरची, आन मागं बाकी समद्या फायबरच्या. ज्येला ह्यो पयला वाटत न्हाई त्येनं माज्या घरी चा पिऊ नये.

गुलाल उडाला. उदयसिंहच म्हनला, "उचला रं, खांद्यावर घ्या. देवळापतुर मिरवू." पोरं धावली. सिद्धू कमरंएवड्या पान्यात दोर धरून उभा.

"होडी भायर येनार न्हाई."

"आरं, देवाला तरी दावू."

"देवाला हितं आना."

"देव यील व्हय नदीवर?"

"माजी होडी देवळापतुर गेली व्हती. आता त्येची पाळी."

उदयसिंह माज्याकडं बगाय लागला, थोरला काय सांगतोय म्हनून. मी बी पान्यात उतरलो आन दोराचं दुसरं टोक धरलं. शेवटाला पुजारी निवदाचं ताट घिऊन घाट उतरला. पोरांनी मिरवनूक काडली ती नुस्ती वल्ही खांद्यावर घिऊन.

तवापासनं आमच्याकडं होडीचा बेंदूर नदीतच व्हतो. उदयसिंह सोता डबा घिऊन येतो आन होडीचं म्होरलं टोक तेवडं रंगवतो, पान्याच्या वर ऱ्हातं तेवडंच. शिंगं. पोटाला ब्रश न्यायची कुनाची टाप न्हाई, सिद्धू खालीच आसतो. सुलाबाई पुरनपोळी त्येच्या तोंडात काठावरनं वाकून घालती.

अजून लोक म्हनत्यात, आकाराम भावाचं लय वाढवून सांगतो. सांगतो. ज्येला खोटं वाटतंय त्येनं कापडं काडून पान्यात उतरावं आन होडीच्या बुडाला एकदा पाठ लावावी.